भाताच्या खाचरातला हिशेब

पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या आजोळी गोठ्याच्या मागे गोबरगॅसची टाकी होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मामांनी सरकारी अनुदान आणि सोसायटीचे कर्ज काढून ती बांधून घेतली. जमिनीत विहिरीसारखा गोल बांधलेला खड्डा, त्यात शेण आणि पाणी समसमान कालवून सोडलेला शेणकाला आणि वर पालथी घातलेली लोखंडी टाकी. रात्रभर गॅस साठला की सकाळी ती हातभर वर आलेली असे, दुपारी स्वयंपाक उरकेपर्यंत पुन्हा खाली बसलेली असे. सुटीत आलेल्या आम्हा मुलांना वाटे, जमिनीत कुणी मोठे जनावर निजले आहे आणि त्याचा श्वास चालला आहे. सरकारी माणसाने संडासही त्यालाच जोडायला सांगितले होते. आजीने ते होऊ दिले नाही. ‘त्या जाळावर मी देवाचा निवद करू व्हय?’ असे तिने विचारले आणि मामांचा तो बेत तिथेच संपला.

पुढे टाकी गंजली. दोनदा वेल्डिंग झाले, तिसऱ्यांदा करण्याजोगा पत्राच उरला नाही. तोवर घरात सिलिंडर आला होता. टाकी भंगारात गेली आणि खड्डा तसाच उघडा राहिला. गोठा धुतलेले पाणी आणि शेण त्यात वाहून जाई. त्या काळ्या पाण्यावर संथपणे बुडबुडे येत आणि फुटत. चुलीत निळ्या ज्योतीने जळणारा गॅस तोच होता. आता तो नुसताच हवेत जात होता. त्या बुडबुड्यांचा हिशेब जगाच्या चावडीवर मांडला जातो, हे तेव्हा आमच्या गावात कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

हा मिथेन. दलदलीतून निघणारा हा जळाऊ वायू व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १७७६ मध्ये लागो माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलातून गोळा केला होता. जिथे प्राणवायू पोचत नाही आणि सेंद्रिय पदार्थ कुजतो तिथे सूक्ष्मजीव तो तयार करतात. मग ते ठिकाण पाणथळ असो, भाताचे खाचर असो, कचऱ्याचा डोंगर असो की गाईचे पोट. कोळशाच्या थरांत आणि तेलाच्या विहिरींतही तो कोट्यवधी वर्षे कोंडलेला असतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या एक अब्ज रेणूंमध्ये मिथेनचे सुमारे ७०० रेणू होते. आज ते १९०० च्या वर गेले आहेत. माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या मिथेनपैकी ढोबळमानाने दोन पंचमांश शेती आणि पशुपालनातून येतो, एक तृतीयांशाहून थोडा अधिक कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायूच्या धंद्यातून आणि एक पंचमांश कचरा व सांडपाण्यातून.

कार्बन डाय-ऑक्साइडच्या तुलनेत हा वायू हवेत फारच कमी आहे, पण उष्णता अडवून धरण्यात भलताच तिखट. वीस वर्षांचा हिशेब केला तर एक टन मिथेन सुमारे ८० टन कार्बन डाय-ऑक्साइडइतका ताप देतो. शंभर वर्षांचा केला तर हाच आकडा अठ्ठावीसच्या आसपास येतो. हा फरक पडतो तो आयुष्यामुळे. कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतके हवेत मुक्काम ठोकतो, तर मिथेन साधारण बारा वर्षांत विरून जातो. म्हणजे आज कोळसा जाळणे थांबवले तरी त्याचा गुण नातवंडांना दिसेल. मिथेन थांबवला तर आपल्याच हयातीत दिसेल. गेल्या काही वर्षांत तापमानवाढीच्या चर्चेत हा दुर्लक्षित वायू एकदम पुढे आला, तो या कारणाने. आजवर झालेल्या तापमानवाढीतला सुमारे अर्धा अंश सेल्सियस मिथेनच्या खात्यावर जातो, असे आंतरशासकीय हवामान मंडळाने २०२१ च्या अहवालात म्हटले आहे.

आपल्याकडे मात्र मिथेन हा शब्द पहिल्यांदा गाजला तो विज्ञानापेक्षा भांडणामुळे. ते भांडण नीट सांगितले पाहिजे, कारण आजही आपली भूमिका त्याच्याच आधारावर उभी आहे.

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने तापमानवाढीला जबाबदार देशांची यादी मांडली. तीत अमेरिका आणि सोव्हिएत संघापाठोपाठ ब्राझील, चीन आणि भारत पहिल्या पाचांत होते. भारत पहिल्या पाचांत? ज्या देशात तेव्हा खेड्यापाड्यांत रॉकेलसाठी रांगा लागत, त्या देशात? या यादीत आपण एवढे वर गेलो होतो त्याचे एक मोठे कारण होते आपला भात आणि आपली गुरे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार केवळ भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन निघत होता. हा आकडा आपल्या खाचरांत मोजून आलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतल्या भातशेतांत मोजलेले उत्सर्जन आपल्या भाताखालच्या क्षेत्राने गुणून तो काढलेला होता.

दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या यादीवर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि या साऱ्या प्रकाराला त्यांनी सरळ ‘पर्यावरणीय वसाहतवाद’ म्हटले. मुद्दा असा होता: बंगालच्या शेतकऱ्याच्या खाचरातून निघणारा मिथेन आणि अमेरिकेतल्या तिसऱ्या मोटारीच्या नळकांड्यातून निघणारा धूर एकाच तराजूत कसे तोलता? एक पोटासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. समुद्र आणि झाडे जो कर्ब शोषून घेतात त्यात पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाचा सारखा वाटा आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. पुस्तिका लहान, पण तिने वाटाघाटींची भाषाच बदलली. पुढच्या वर्षी रिओला वसुंधरा परिषद झाली तेव्हा हा युक्तिवाद गरीब देशांच्या मुखी होता.

पण युक्तिवाद कितीही धारदार असला तरी आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावे लागते. ते काम केले डॉ. आशेष प्रसाद मित्रा यांनी. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला हा वातावरणशास्त्रज्ञ. त्यांच्या पुढाकाराने १९९१ साली देशातल्या प्रमुख भातपट्ट्यांत एकाच हंगामात मिथेन मोजण्याची मोहीम निघाली. मोजणीची रीत ऐकायला अगदी साधी आहे. भाताच्या चुडांवर पारदर्शक पेटी पालथी घालायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा खेचून घ्यायची, कुपीत बंद करायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. पण गुडघाभर चिखलात, ऐन पावसाळ्यात, रोप लहान असल्यापासून लोंबी भरेपर्यंत हे वेगवेगळ्या प्रांतांत करत राहायचे म्हणजे काय, हे ज्याने लावणी केली आहे त्यालाच कळेल.

हाती काय आले? सुमारे चाळीस लाख टन. पावणेचार कोटींचे चाळीस लाख! अमेरिकी अंदाजाच्या जवळजवळ एक दशांश. कारणे अशी की, आपले कितीतरी खाचर पावसाच्या पाण्यावरचे. पावसाने आठ दिवस दडी मारली की जमीन उघडी पडते, तिला भेगा जातात, हवा आत शिरते आणि मिथेन तयार करणारे जीव थंडावतात. शिवाय आपल्या जमिनींत सेंद्रिय कर्ब मुळातच कमी. त्या जिवांना खायलाच फारसे नाही. म्हणजे ज्या दारिद्र्याबद्दल आपण जमिनीची कीव करतो, त्याच दारिद्र्याने आपल्याला या खटल्यात वाचवले. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात इतक्या थोड्या खर्चात देशाच्या इतक्या उपयोगी पडलेली मोजणी दुसरी क्वचितच झाली असेल, असे मला वाटते.

मात्र त्या विजयाने आपल्याला एक खोडही लावली. मिथेन म्हटले की ‘तो पोटासाठीचा’ असे म्हणून विषय बंद करण्याची. सरकारने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या माहितीनुसार २०१६ सालच्या आपल्या मिथेन उत्सर्जनात शेती व पशुपालनाचा वाटा सुमारे ७४ टक्के होता. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे अमेरिका आणि युरोपीय संघाच्या पुढाकाराने एक प्रतिज्ञापत्र पुढे आले: २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत जगाचा मिथेन ३० टक्क्यांनी उतरवायचा. पुढे दीडशेहून अधिक देश त्यात आले. भारताने सही केली नाही. सही न करण्याला माझी हरकत नाही. ज्या अमेरिकेने त्यात पुढाकार घेतला, तिच्याच राष्ट्राध्यक्षांनी २०२५ च्या जानेवारीत पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला; अशांच्या शेजारी सही करून आपल्या शेतकऱ्याच्या गळ्यात दोरी कशाला अडकवायची? पण सही न करणे वेगळे आणि काम न करणे वेगळे. खाचरातले पाणी आपले, गोठ्यातला चारा आपला. ते वाया जाते तेव्हा नुकसान वॉशिंग्टनचे होत नाही.

गाईचेच पाहा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात कडबा आंबतो, तेव्हा तिथले जीव मिथेन बनवतात आणि जनावर तो ढेकरेवाटे सोडते. (वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रे काढणारे बहुतेक वेळा जनावराच्या चुकीच्या टोकाकडे बोट दाखवतात.) खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेचा साधारण सहा टक्के भाग असा हवेत जातो. चारा जितका निकस तितकी ही गळती जास्त. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाय-बैल आणि म्हशी मिळून तीस कोटींवर जनावरे भरली. त्यांतली कितीतरी उसाचे वाढे आणि कोरडा कडबा खाऊन दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणारी. डेन्मार्कने २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर कर बसवायचे ठरवले आहे. तसला कर आपल्याकडे सुचवणाऱ्याला गावाच्या वेशीतून आत घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगावी संतुलित आहाराचा जो कार्यक्रम चालवला, त्यात शेतकऱ्याकडे असलेलाच चारा, त्यात काय कमी पडते ते पाहून थोडी पेंड, थोडे खनिज मिश्रण, एवढेच होते. चाऱ्याचा खर्च घटला, दूध थोडे वाढले आणि लिटरमागचा मिथेन उतरला. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असे संस्था सांगते. भाकड जनावरांचा प्रश्न यात येतोच, पण तो काढला की आपल्याकडे चर्चा गाईवरून भलतीकडेच जाते. म्हणून तो इथे सोडून देतो.

भाताची गोष्ट याहून सोपी असायला हवी होती. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एक युक्ती रूढ केली: भोके पाडलेला प्लॅस्टिकचा नळीचा तुकडा खाचरात रोवायचा. नळीतले पाणी जमिनीखाली वीतभर उतरेपर्यंत पुन्हा पाणी द्यायचे नाही. फक्त फुलोऱ्याच्या वेळी खाचर भरलेले ठेवायचे. उत्पन्न घटत नाही, पाणी वाचते आणि मिथेन तीस टक्क्यांपासून जवळजवळ निम्म्यापर्यंत घटतो. जमीन ओली-कोरडी होताना नायट्रस ऑक्साइड हा दुसरा तापदायक वायू थोडा वाढतो, पण तो वजा करूनही हिशेब फायद्याचा उरतो. मग हे सगळीकडे का होत नाही? कारण ज्याच्या विहिरीवरच्या पंपाला वीज फुकट आहे त्याला पाणी वाचवण्यात काय मिळणार? आणि जो कालव्याच्या पाळीवर आहे तो पुढची पाळी कधी येईल या धास्तीने बांधापर्यंत भरून घेणारच. नळीचा तुकडा स्वस्त आहे; पाळी वेळेवर देणारे पाटबंधारे खाते दुर्मीळ.

याउलट रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेले ‘सगुणा राइस तंत्र’ पाहावे. एकदा गादीवाफे करायचे, मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. टोकण पद्धतीने बी टाकायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यायची. कोकणात हे पसरले ते हवामानाच्या काळजीने नव्हे. लावणीला माणसे मिळेनात, मिळाली तर मजुरी परवडेना, वाकून वाकून बायकांच्या कंबरा मोडल्या, म्हणून ते पसरले. चिखल नाही आणि पाणी साठवून ठेवणे नाही, म्हणजे मिथेनला जागाही नाही. वाफ्यावर टोकण करणाऱ्या बाईच्या कानावर तो शब्द कधी पडलेलाही नसेल.

ऊर्जेच्या धंद्यात पोटापाण्याची सबब चालत नाही. तेलाच्या विहिरी, वायूच्या नळवाहिन्या, त्यांचे व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर यांतून गळणारा मिथेन म्हणजे विक्रीचा मालच. पुष्कळशी गळती अशी आहे की ती बंद करण्याचा खर्च वाचलेल्या गॅसच्या किमतीतून भरून निघतो. तरीही तुर्कमेनिस्तानातल्या विहिरींतून निघणारे मिथेनचे लोट उपग्रहांना स्पष्ट दिसतात. कोळशाच्या खाणीत तर या वायूची ओळख फार जुनी आणि भयंकर आहे. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने जाळीचा सुरक्षादीप केला. ज्योतीभोवती निळसर टोपी दिसू लागली की खाणीत गॅस साठला असे कामगार समजत. १९६५ च्या मे महिन्यात धनबादपासून फार दूर नसलेल्या ढोरीच्या खाणीत झालेल्या स्फोटात अडीचशेहून अधिक माणसे गेली. झरिया-राणीगंजच्या खोल खाणी अशा वायूने भरलेल्या आहेत. कोळसा काढण्याआधी थरातला मिथेन काढून तो विकण्याचे धोरण १९९७ मध्ये आले. राणीगंजला २००७ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. त्यानंतर मात्र हे काम रखडतच चालले आहे.

आणि कचरा. इथे तर आपल्याला इतिहासाची लाज वाटायला हवी. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ च्या सुमारास सांडपाण्याच्या टाक्यांतला गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालवले गेले. जगातल्या अशा पहिल्यावहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. त्याच मुंबईत १९२७ पासून देवनारला कचरा रचला जात राहिला आणि २०१६ च्या जानेवारीत त्याला लागलेल्या आगीचा धूर अंतराळातून दिसला. २०२२ साली शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या मदतीने दिल्ली, लाहोर, ब्युनॉस आयर्स आणि मुंबईच्या क्षेपणभूमी तपासल्या. मुंबईतल्या एका ठिकाणाहून तासाला जवळजवळ दहा टन मिथेन निघताना आढळला. तासाला दहा टन! त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत इंदूरने दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७ टन गॅस देणारा कारखाना सुरू केला आणि त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या धावू लागल्या. इंदूरकडे जगावेगळे यंत्र नाही. तिथे ओला आणि सुका कचरा घराच्या दारातच वेगळा होतो, इतकेच. हे आपल्याला जमत नाही.

दाबलेल्या जैववायूचे पाच हजार कारखाने उभारण्याची योजना केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केली होती. २०२३-२४ ची मुदत उलटली तेव्हा आपण त्या आकड्याच्या आसपासही नव्हतो. घरगुती संयंत्रे मात्र १९८१ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पन्नास लाखांच्या घरात बांधली गेली. किती चालू आहेत, हे मोजायला पेट्या घेऊन कुणी निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ती मोजणी व्हायला हवी. वाळवून थापलेल्या शेणीतून मिथेन फारसा निघत नाही. पातळ शेणकाल्यातून निघतो. म्हणजे गळकी किंवा सोडून दिलेली टाकी ही मुळात टाकी नसण्यापेक्षा वाईट. आमच्या आजोळच्या त्या उघड्या खड्ड्याने इतकी वर्षे नेमके तेच केले.

तो खड्डा आता नाही. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा मामेभावाने त्याच जागी घुमटाचे नवे संयंत्र बांधलेले दिसले. लोखंड नाही, त्यामुळे गंजण्याची भीती नाही. चार म्हशींचे शेण, घरातल्या पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक. बाहेर पडणारी रबडी उसाला जाते आणि शेजारचे लोक ती मागायला येतात. सिलिंडर पाहुणे आले तरच उघडतात. वहिनी त्या निळ्या ज्योतीवर चहाचे आधण ठेवत होती. संडासही जोडला का, असे मी दबक्या आवाजात विचारले. तिने भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे एकवार पाहिले आणि म्हणाली, ‘जोडलाय की, भाऊजी. पर निवद सिलिंडरवरच करतो आम्ही.’